बैलांना वाट ठाऊक होती

काल नागावच्या आमच्या वाडीत ताज्या माडीचा आंबूस वास आला आणि मी एकदम नऊ वर्षांची झाले, तीस-बत्तीस सालातली.

मामाच्या बैलगाडीतून आई आणि मी लग्नाहून परतत होतो. मामा मांडवात भरपूर माडी प्यायला होता. आईने हटकलं तर म्हणाला, "मी प्यायलोय गो, बैल न्हाय प्यायले. त्यांना घरची वाट ठाव हाय." तेव्हा सगळेच गाडीवान असं म्हणत. ओहोटीला खाडी गाडीनेच ओलांडायची. मामा कासरा सैल सोडून गात बसला. त्याचा गळा फार गोड होता. उन्हात पाणी चमकत होतं आणि माझ्या केसांत अबोलीचा गजरा होता.

बैल वाट खरंच चुकले नाहीत. पण भरती लागलीय, हे त्यांना कोण सांगणार? खाडीच्या मधोमध पाणी गाडीत शिरलं. माझे पाय भिजले, तशी मी खिदळले. आई मात्र लुगडं खोचून छातीभर पाण्यात उतरली आणि वेसण धरून बैलांना काठावर घेऊन आली. मामा गातच होता.

पुढे कित्येक वर्षं हा किस्सा घरात रंगवून सांगितला जायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. आई तेवढी उठून आत जायची.

काल माडी पिऊन नातू मोटारसायकलकडे निघाला. म्हणाला, "आजी, रस्ता रोजचाच आहे." सगळे हसले. मी त्याच्या हातातली चावी घेतली, कनवटीला खोचली आणि उठून आत गेले.