आर्लो प्रोकॉपचा कान

आमच्या गावात दोनशे बारा माणसं, आणि त्यांतल्या निम्म्यांनी तरी आर्लो प्रोकॉपच्या गॅरेजात उभं राहून तोंडाने चित्रविचित्र आवाज काढलेत. समोरच्या पोस्टात मी तेवीस वर्षं बसते, म्हणून छातीठोकपणे सांगते. जुना पिकअप घेऊन कुणी आलं की आर्लो बॉनेट उघडतच नाही. आधी म्हणतो, ‘‘काढून दाखव.’’ मग चर्चमध्येही ओठ न हलवणारे सहा-सहा फुटी बाप्ये टोपी छातीशी धरून ‘घुर्र-टक, घुर्र-टक’ करतात. हसायची कुणाची हिंमत नाही. आर्लो डोळे मिटून ऐकतो आणि सांगतो, ‘‘डावीकडचं पुढचं बेअरिंग. बस, कॉफी घे.’’

गेल्या वर्षभरात मात्र तो डोळे मिटेनासा झाला होता. लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मी पोस्टाच्या दारातून हाका मारायचे, तर पठ्ठ्या ढिम्म. ‘म्हातारा चढेल झालाय’ असं मी दोन-चार जणांपाशी बोललेसुद्धा. आता त्याची लाज वाटते.

त्याची लेक मार्लिस लिंकन शहरात शिक्षिका आहे. ईस्टरला आली आणि दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं, बापाला ऐकू कमी येतंय. कॅफेत, सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘‘बाबा, वय एकाहत्तर झालं. आता पुरे. गॅरेज विका आणि माझ्याकडे चला.’’

आर्लोने काटा खाली ठेवला. ‘‘ज्या दिवशी गाडीतला आवाज मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन. त्याआधी नाही.’’

आणि दुसऱ्याच दिवशी इर्मा कोलार आली. शंभर गुरं एकटी सांभाळणारी बाई, पिकअप चौतीस वर्षांचा. शहरातल्या दोन गॅरेजांनी हात टेकले होते. एकाने तर गिअरबॉक्सच बदला म्हणून सांगितलं होतं.

‘‘काढून दाखव,’’ आर्लो म्हणाला.

‘‘टिर्र, टिर्र, टिर्र,’’ इर्माने जीभ टाळूला लावून वाजवलं. ‘‘वेग पस्तीसच्या पुढे गेला की.’’

तो गाडी घेऊन फिरून आला. काहीच नाही. पुन्हा गेला. मार्लिस दारात हाताची घडी घालून उभी. मला मेलीला तिचा रागही येत होता आणि तिचं चुकतंय असंही म्हणवत नव्हतं.

‘‘आवाज यायचा तेव्हा मागे काय भरलेलं असायचं?’’ आर्लोने विचारलं.

‘‘मीठ. गुरांना चाटायच्या मिठाच्या वीस भल्या जड विटा.’’

‘‘आणि त्या गॅरेजवाल्यांकडे नेलीस तेव्हा?’’

‘‘रिकामी. झाडून, धुऊन नेली. दुसऱ्याच्या दारात घाणेरडी गाडी नेते का मी?’’

‘‘नेत नाहीस ना, तेच तर! भर वीस विटा.’’

विटा भरल्या. मार्लिस स्टिअरिंगवर बसली, मधे इर्मा, दाराशी मी. पोस्टाला ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी. आर्लो मागे चढला, विटा बाजूला सारून हौद्यात चक्क पालथा पडला आणि गाल पत्र्याला लावला. ‘‘एक टक म्हणजे जोरात, दोन म्हणजे हळू,’’ असं ओरडून सांगितलं आणि हातात पाना घेतला.

खडीच्या रस्त्यावर पस्तीस झाले आणि आवाज सुरू. टिर्र, टिर्र, टिर्र. आम्हा तिघींनाही स्वच्छ ऐकू येत होता, पण इर्मा म्हणे उजवीकडून, मी म्हणे पायाखालून. टक! मार्लिसने वेग वाढवला. आरशात म्हातारा तळहातांनी पत्रा चाचपत इंच-इंच मागे सरकत होता. गाल, हनुवटी, मग कपाळ. धुळीने पांढराफटक. मार्लिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी गाडी रेषेत चालली होती. शेवटी टक-टक, टक-टक झालं.

गाडी थांबली. त्याने हौद्यात खडूने एक फुली मारली, खाली उतरला आणि त्या फुलीच्या बरोब्बर खालीच गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा मुठीत बोटाएवढं लोहचुंबक होतं, त्याला काटेरी तारेचा एक तुकडा चिकटलेला.

इर्माचा चेहरा लालबुंद. ही चुंबकं गाईला गिळायला देतात. गवतातून पोटात गेलेली तार-खिळे ती धरून ठेवतात. ‘‘मीच लावलं रे,’’ ती म्हणाली. ‘‘गाईला चालतं तर गाडीला का नाही? मागच्या गिअरच्या डब्याला लावलं होतं, लोखंडाचा चुरा धरेल म्हणून.’’

तिथून ते निसटून फिरत्या दांड्याला चिकटलं होतं. ओझ्याने गाडी दबली की तारेचं टोक वरच्या पत्र्याला घासायचं.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण आर्लोने खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि मार्लिसपुढे धरली.

‘‘हे काय बाबा? सापडला की!’’

‘‘सापडला. गालाला कळला, पण ऐकू नाही आला. एकदाही नाही. मी काय बोललो होतो ते सगळ्या कॅफेने ऐकलंय.’’

तो खोटं बोलला असता तर आम्हा तिघींपैकी एकीलाही कळलं नसतं. इतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही.

मार्लिसने किल्ली घेतली नाही. ‘‘मला रस्ताभर ऐकू येत होता,’’ ती म्हणाली. ‘‘पण कुठे आहे, ते सांगता आलं असतं का मला?’’

तिने त्याची बोटं किल्लीवर मिटवली. त्याने मूठ तशीच खिशात घातली. मग म्हणाला, ‘‘कसा होता गं?’’

लहानपणी बापाच्या गॅरेजातल्या या आवाजांपायी शाळेत पोरं मार्लिसला चिडवायची. ती तेव्हा मागच्या दाराने घरी जायची. आता भर रस्त्यात ती त्याच्यासमोर उभी राहिली, त्याला नीट दिसेल असं तोंड उघडलं आणि जीभ टाळूला लावली.

‘‘टिर्र,’’ ती म्हणाली. ‘‘टिर्र, टिर्र, टिर्र.’’