ताटाची डावी बाजू

आजारी वडिलांना मी आठ दिवस शेंगांच्या चटणीवाचून जेवायला लावलं आणि त्याची बोलणी आईला बसू दिली. चूक माझी होती.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी अण्णांच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. त्याच महिन्यात कुर्डुवाडीच्या मामांनाही तसंच झालं. मामा दीड महिन्यात रेल्वेच्या वर्कशॉपात हजर झाले. दर रविवारी ते आमच्याकडे येत, अण्णांच्या खाटेसमोर उभे राहत आणि डावा हात वर-खाली करून दाखवत.

"बगा दाजी, मनात आणलं की हुतंय."

अण्णा सहा महिन्यांनीसुद्धा दाढी उजव्या गालाचीच करत. ताटातलं उजवीकडचं जेवून आईला विचारत, "आज आमटी न्हाय केली व्हय?" आई ताट फिरवी. आमटी समोर येई. "आता वाढलीस. मागितल्याबिगर काय मिळत न्हाय या घरात."

मी शाळामास्तर. माझं निदान तयार होतं: आळस. मी चटणी ताटाच्या डाव्या कडेला वाढायला लावली आणि आईला ताट फिरवायची बंदी केली. चटणीसाठी तरी मान वळेल, असा हिशेब. वळली नाही. आठव्या दिवशी अण्णांनी समाचाराला आलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, "बायकूनं माजी चटणी तोडली. आता माजा काय उपेग न्हाय की." आई उठून आत गेली. मी शेजाऱ्यांना दारापर्यंत सोडायला गेलो.

सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांकडे मी अण्णांच्या आळसाची तक्रार घेऊन गेलो, मामांचा दाखलाही दिला. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या मामांचा गल्लीतला नळ तुंबला होता. वडिलांची मोठी पाइपलाइन तुंबली, मेंदूच्या उजव्या बाजूची. डोळे ठीक आहेत, पण डावीकडे काही आहे हेच मेंदू विसरलाय. मामांचा पेपर बघून यांना मार्क देऊ नका."

"बरे होतील?"

"काठी घेऊन दारापर्यंत येतील. हाताचं सांगत नाही."

घरी येऊन मी खाटेशेजारी बसलो आणि पाच मिनिटं मनापासून बोललो. अण्णा उजवीकडच्या भिंतीकडे बघत ऐकत होते. मग आईला म्हणाले, "पोरगं कुटं बसून बोलतंय गं?"

मी डावीकडे बसलो होतो. उठलो, खाटेला वळसा घालून उजवीकडे गेलो. आईलाही जवळ बसवलं.

"अण्णा, चटणी रोज ताटात होती. तुम्हाला दिसणार न्हाय अशी मीच ठेवायला लावली. आईनं काय केलं न्हाय. तुम्ही आळशी न्हाय. माझं चुकलं, तुम्हा दोघांची माफी मागतो."