वारेवर जीव असलेले मामा

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले, तरी वारेवर इतका जीव असलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. बाळंतपणात बाळामागून जी पडते आणि जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ती वार. माझ्या नवऱ्याचे मामा मात्र तिच्याबद्दल अशा आवाजात बोलतात, की नवख्या माणसाला वाटावं, घरातल्या एखाद्या गुणी मुलीचं कौतुक चाललंय. लग्न होऊन मी चिंचवडहून पेठला आले, तेव्हा त्यांनी मला प्रवास कसा झाला, हे विचारलं नाही. "इंग्लिश मीडियमला वारेवर किती तास शिकवत्यात?" असं विचारलं. मी सवयीप्रमाणे मान खाली घातली. "म्हंजे एकबी न्हाई," ते म्हणाले. "वाटलंच मला."

मामा राजुरीचे. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत, आणि त्या सगळ्यांना वारेचा धडा आठवतो. बाकीचं पुस्तक शिकवायला वेळ उरायचा नाही, असं माझा नवरा सांगतो. दर रविवारी आळेफाट्याला एसटी बदलून ते बहिणीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे जेवायला येतात. भाकरीचा पहिला तुकडा मोडला की विषय सुरू. कोंबडी अंडं घालून मोकळी होते, पण आपल्यासारख्या प्राण्यांनी पिल्लू आत ठेवून त्याला आईच्या रक्तातून जेवू घालायची सोय कशी केली, हे ते पिठल्यात बोट फिरवून दाखवतात. सासूबाई म्हणतात, "दादा, जेवताना तरी गप ऱ्हा." त्यावर मामा शांतपणे म्हणतात, "का? तुझं पयलं जेवण तिथंच झालं व्हतं."

आमच्याकडे म्हैस व्याली की तिची जार, म्हणजे तिची वार, गोणपाटात बांधून वडाला टांगतात. वडाला जसा चीक, तसं म्हशीला दूध यावं म्हणून. गावाच्या कडेच्या वडाला अशी दोन-चार गाठोडी कायम लोंबत असतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मधमाश्यांची पोळी वाटली होती, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. एका रविवारी मामांनी शेजारच्या भाऊसाहेबांच्या म्हशीचं ताजं गाठोडं सोडलं आणि मला हाक मारली. "सूनबाई, ही बटणं बघा. गाईम्हशीची वार बटणं लावल्यागत चिकटलेली असती. आपली तशी न्हाई. आपली झाडागत मुळं सोडती, पार रक्तात." तेवढ्यात भाऊसाहेब आले. "मास्तर, जार हाय ती. बाजारात भाजी निवडल्यागत काय निवडताय?" मामांनी गाठोडं तसंच पायथ्याशी ठेवलं. म्हशीनं त्या संध्याकाळपासून धार आखडली, आणि भाऊसाहेब थेट आमच्या दारात. शेवटी आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या मामांनी, सगळी आळी बघत असताना, ते गाठोडं स्वतः वडाला परत बांधलं. म्हैस दूध द्यायला लागली. "आता काय म्हणणं हाय सायन्सचं?" भाऊसाहेबांनी विचारलं. "गाठ चांगली बसली," मामा म्हणाले.

मला दिवस राहिले, तेव्हा मामांना आपला विषय चालता-बोलता घरात आल्यासारखं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सासऱ्यांसमोर, दुधवाल्यासमोर, कुणाहीसमोर ते मला नमुना म्हणून दाखवायचे. लई जुन्या काळी एक विषाणू आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरला, त्याचं एक जनुक तिथंच राहिलं, आणि पेशीला पेशी जोडायचं त्याचं कसब आज वार बांधायला वापरलं जातं, हे त्यांनी दुधवाल्याला चरवी हातात असतानाच समजावलं. तो मान हलवत राहिला आणि जाताना मला म्हणाला, "ताई, तब्येतीला जपा." नवऱ्याला तर त्यांनी भर अंगणात धरलं. "वार आईची नसती, बाळाची असती. त्यात बापाकडची जनुकं लई जोर करत्यात, आणखी दे, आणखी दे. आईकडची हात आखडता घेत्यात. तुझी जनुकं हिला आतून लुटत्यात, तू निदान बाहेरनं भांडी घास." त्या दिवसापासून नवरा भांडी घासतो. सासूबाईंनी विज्ञानाला मनापासून नावं ठेवली ती तेव्हाच.

एकदा ते माझ्याशी एकटीशी बोलले. म्हणाले, परकं काही आलं की शरीर ते हाकलतं; दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं, तर जन्मभर गोळ्या खाव्या लागतात. पोटातलं बाळ तर अर्धं बापाचं, म्हणजे अर्धं परकंच, तरी शरीर त्याला ठेवून घेतं. त्यात मोठा वाटा वारेचा. ती मधे उभी राहून दोन्हीकडच्यांना सांभाळते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमाला इथं करमतंय ना, सूनबाई?" मी हो म्हणाले. खरं म्हणजे तोवर करमत नव्हतं.

पाचव्या महिन्यात मंचरला सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वार जरा खाली आहे, पिशवीच्या तोंडावरच. आठव्या महिन्यात परत बघू. तोवर वजन उचलायचं नाही, आणि थोडं जरी रक्त दिसलं तरी लगेच निघायचं." लगेच निघायचं म्हणजे पेठहून नाशिक रस्त्यानं, आणि मंचरच्या गर्दीत कांद्याच्या गाड्या अडकल्या की काय होतं, ते मी येता-जाता पाहिलं होतं. घरी आल्यावर मी मोबाईलवर इंग्रजीत सगळं वाचलं, आणि वाचायला नको होतं असं झालं. कुणाशी बोलले नाही. रविवारी सासूबाईंनी मामांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मला वाटलं, आता दोन तासांचं व्याख्यान. मामांनी ताट पुढं ओढलं आणि एक अक्षर न बोलता जेवले. पाणी प्यायले आणि लवकरची एसटी धरून गेले. मोबाईलवर वाचलेल्या कशानंही मला तेवढी भीती वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी ते आले ते राजुरीच्या बाजारातून आणलेलं फुग्यांचं पाकीट घेऊन. ओट्यावर बसून त्यांनी एका फुग्याच्या तोंडाजवळ पेनानं ठिपका काढला. "ही तुमची वार." फुगवायला लागले. फुगा वाढला, तसा ठिपका तोंडापासून लांब लांब गेला. "बघा. ती चालत न्हाई कुठं. पिशवी वाढती, ती वर जाती." आणखी नीट दिसावं म्हणून त्यांनी आणखी फुगवला आणि फुगा फुटला. आतून सासूबाई ओरडल्या, "काय लेकरावानी चाललंय दादा, पोटुशी बाई हाय समोर." मामा माझ्याकडे बघून ओशाळले. "हा बाजारचा व्हता," ते म्हणाले.

मी धीर करून विचारलं, "नेहमी जाते का वर, मामा?"

त्यांनी फुग्याचे तुकडे गोळा केले. "बहुतेक वेळा. नेहमी न्हाई. नेहमी म्हणालो असतो, तर तुमी इश्वास ठेवला नसता." हे त्या सगळ्या महिन्यांत मला कुणी सांगितलेलं पहिलं खरं बोलणं होतं. त्या दुपारी मला छान झोप लागली.

आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीला मामा राजुरीहून थेट मंचरला आले, आणि दवाखान्याबाहेर एका टेम्पोच्या सावलीत उभे राहिले. आत यायला तयार नव्हते. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "गेली वर. तोंड पूर्ण मोकळं आहे." बाहेर येऊन नवऱ्यानं नुसती मान हलवली. मामांनी टोपी काढली, घाम पुसला आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, "वर गेली." त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. मग आम्ही तिघांनी उसाचा रस प्यायला, आणि परतीच्या रस्त्यावर ट्रकांची लांबच लांब रांग लागली होती, ती मला पहिल्यांदाच करमणुकीची वाटली.

बाळंतपण सरळ झालं. मुलगी झाली. डॉक्टरबाई मामांच्याच विद्यार्थिनी, त्यामुळे त्यांनी सरांना बाजूच्या खोलीत बोलावून ट्रेमधली वार दाखवली. नर्सनं नंतर सांगितलं, की आजोबांनी चष्मा पुसला आणि खूप वेळ बघितलं. ते माझ्या खोलीत आले, तेव्हा सगळे पाळण्याभोवती होते. मामा माझ्या उशाशी थांबले. "पूर्ण आली. आत कायबी ऱ्हायलं न्हाई," हळू म्हणाले, आणि मगच बाळाकडे वळले.

हल्ली मामा रविवारी येतात तेव्हा मुलीला मांडीवर घेऊन गप्प बसतात, आणि जेवण फार लवकर आटोपतं. एकदा मीच विचारलं, "त्या दिवशी ट्रेमध्ये काय बघत होतात?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "एवढे महिने राबली, आन् कुणी तोंडबी बघत न्हाई बिचारीचं. म्हणलं, आपण तरी बघावं."

मी पाहिलं नव्हतं. त्या वेळी सगळे मला बाळ दाखवत होते.