नापास मिस्त्रींचा जोड

गल्लीत मिस्त्रींना मागून सगळे ‘नापास’ म्हणायचे. कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो त्यांना पाहणीला न्यायचा आणि मिस्त्री ती गाडी नापास करून परत यायचे. गाडीबरोबर विकणाराही नापास व्हायचा. घेणारा तर आधीच झालेला असायचा.

सध्या घरचंच गिऱ्हाईक तावडीत सापडलं होतं. जावयाला स्पोर्ट्स कार हवी होती. दोन सीटची, लाल, जमिनीला पोट टेकलेली. “जावईबापूंचं स्वतःचंच पोट एवढं, की आत शिरायला आधी तेल लावावं लागेल,” असं मिस्त्रींनी लेकीला ऐकवलंही होतं. तीन महिन्यांत त्यांनी अकरा गाड्या नापास केल्या. खरं सांगायचं तर त्यांतल्या चार-पाच चांगल्या होत्या. पण एखादी पास केली असती तर जावई आनंदाने उड्या मारत सुटला असता, आणि ते मिस्त्रींना बघवलं नसतं.

बारावी गाडी एका विक्रेत्याच्या शेडमध्ये उभी होती. गाडीपेक्षा विक्रेत्यालाच जास्त पॉलिश होतं. मिस्त्रींनी नमस्काराला उत्तर न देता बॉनेटवर डावा तळवा ठेवला.

“गरम करून ठेवलीत? म्हणजे थंड असताना रडते.”

“छे हो, आत्ताच धुतली.”

“धुवायला इंजिन चालू करावं लागतं होय?”

मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढून पत्र्यावरून फिरवलं. पत्रा कुजला की लोक तिथे पुट्टी भरतात, आणि पुट्टीवर चुंबक धरत नाही. इथे मात्र सगळीकडे धरलं. मिस्त्रींचा चेहरा पडला. तिकडे जावई स्टिअरिंगवर असा हात फिरवत होता, की शेजारी उभ्या लेकीलाच लाज वाटली.

त्यांनी त्याला खाली उतरवलं, सीटमागे ओणवे झाले, गालिचा उचकटला आणि टॉर्च लावला. या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगचा जोड गेला होता. अपघातात गेलेल्या दोन गाड्या. एकीचं पुढचं धड, दुसरीचं मागचं.

“या, बघा!” मिस्त्रींना आनंद लपवता येईना. “अर्धी हिची, अर्धी तिची! एक जोराची धडक बसली की दोन्ही धडं वेगळी. हात चांगला आहे ज्याचा कोणाचा, पण माणूस एक नंबरचा हरामखोर. असल्या गाडीत कोणाची पोर बसेल, याचा विचार तरी...”

बोलता बोलता त्यांनी टॉर्च जोडाच्या अगदी जवळ नेला.

जोड उलट्या दिशेने गेला होता, डावखुऱ्याने केला होता तो. शिवाय दर वितीवर हात थांबलेला, बोटभर मागे आलेला आणि मग पुढे निघालेला. ही खोड त्यांना चांगलीच माहीत होती. लेक शाळेत होती तेव्हा एका शेठच्या गॅरेजात ते हेच काम करायचे. गाड्या पुढे कोणाकडे जातात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“घेऊ नका,” ते हळूच म्हणाले.

जावई हसला. “मामा, हे अकरा वेळा ऐकलंय. तुम्ही तर मलाही नापासच केलं होतं.”

“जोड कारखान्यातलाच आहे, साहेब,” विक्रेता म्हणाला. “या गाड्या तशाच येतात.”

“बाबा, आता पुरे हं,” लेक म्हणाली. “तुम्हाला कुठलीच गाडी चांगली दिसत नाही. ही आम्ही घेतोय.” आणि दार उघडून ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

मिस्त्रींनी ते दार धरून ठेवलं. इतक्या वेळा उगाच नाही म्हटल्यावर आता खऱ्या नकाराला कोण विचारणार? आणि खरं काय ते सांगून टाकावं, तर लेक सगळ्यांना एकच गोष्ट अभिमानाने सांगायची, ‘आमचे बाबा जिभेचे वाईट, पण कुणाला फसवणार नाहीत.’

“उतर खाली,” ते म्हणाले. “तो जोड कारखान्यातला नाही.”

“कशावरून?” लेकीने विचारलं.

“मी केलाय.”

जावयाचं हसू विरलं. त्याने किल्ली विक्रेत्याच्या हातात परत ठेवली. सासऱ्याचा शब्द त्याला पहिल्यांदाच खरा वाटला होता. लेक उतरली, वाकून गालिच्याखाली बराच वेळ बघत राहिली, मग सरळ उभी राहिली.

“अशा आणखी किती आहेत, बाबा?”

मिस्त्रींनी टॉर्च बंद केला.

“मोजल्या नाहीत,” ते म्हणाले.