खाडीत वीज पडली तेव्हा

डोंबिवलीहून निघाले तेव्हा ऊन असं कडक होतं की छत्री घेतली ती उन्हापायी. शाळेत विज्ञान शिकवते मी, पण ठाण्याची खाडी पुलावरूनच पाहिलेली. दिवाळीच्या सुट्टीत हौस म्हणून कोपरीजवळच्या बंदरावर हिराताई या कोळणीच्या होडीत चढले. त्या नि त्यांचे यजमान बाळादा ओहोटीला जाळं काढायला निघालेले.

वाटेत भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. चटणी अशी तिखटजाळ की माझे डोळे वाहायला लागले. दोघं पोट धरून हसली. तेवढ्यात तिवरांमागून आभाळ काळंकुट्ट होत आलं.

बाळादा छातीभर पाण्यात उतरलेले. जाळं चिखलातल्या बांबूंना बांधलेलं होतं. गाठी सोडताना जाळं वाहून जाऊ नये म्हणून त्याची दोरी बाळादा कमरेला बांधतात.

"अवो, जालं सोरा, वर या," हिराताई ओरडल्या.

"येकच गाठ रायली."

हा बाबा ऐकतोय कुठला. खाऱ्या पाण्यातून वीज सहज पसरते हे मी वर्गात शिकवते. "दादा, मरू दे ती गाठ, आधी वर या," मी म्हणाले.

लख्ख पांढरं झालं. कानठळ्या बसल्या. वीज समोरच्या पात्रात पडली होती. डोळे उघडले तर बाळादा बांबूला लटकलेले, मान खाली.

हिराताईंनी होडी रेटली. काखेत हात घालून आम्ही त्यांना आत ओढलं, कमरेच्या दोरीमागून जाळंही आलं.

"पाय कुठं हायत माजे?" ते पुटपुटले.

"हायत जागेवर," म्हणताना हिराताईंना रडू फुटलं.

पाण्यावर बोय (वरच्या थरात फिरणारे मासे) पांढरी पोटं वर करून तरंगत होते. आतापर्यंत तळाशी असलेल्या जाळ्यातल्या चिंबोऱ्या (खेकडे) मात्र जिवंत, नांग्या उगारत होत्या. वीज पाण्याच्या वरवरच पसरते, खालचे बहुतेक वाचतात. बाळादांची छाती त्या वरच्या थरातच होती.

हिराताईंनी अख्खं जाळं खाडीत रिकामं केलं. "आज कुनाला धरायचं नाय," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत बाळादांचे पाय बधिरच होते. डॉक्टर छाती तपासत होते आणि हिराताई मागे लागलेल्या, "पायाला चिमटा काडा ना." शेवटी त्यांनी काढला. बाळादा कळवळून ओरडले. हिराताई भिंतीला टेकून हसतच सुटल्या.

शीळफाट्यामार्गे घरी परतताना अजून विजा चमकत होत्या आणि रिक्षात मी भेदरून बसले होते. तरी मधूनच हसू येत होतं. कुणाच्या कळवळण्याने एवढा आनंद मला आयुष्यात झालेला नाही.