बसून काम करायची साडी

माझ्या वडिलांचं कपड्यांबद्दल एकच म्हणणं होतं. अंगावर असं काही पाहिजे की ते घालून बसलेल्या माणसाला कोणी पाणी मागू नये. रंग, कापड, फॅशन हे सगळं त्यानंतर.

ते आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीत अटेंडर होते. घंटी वाजली की आत जायचं, काय पाहिजे ते ऐकायचं आणि आणून द्यायचं. बहुतेक वेळा पाणीच पाहिजे असायचं. आमच्या उन्हाळ्यात साहेब लोक किती पाणी पितात हे मला बाबांच्या पायांवरून कळे. संध्याकाळी घरी आले की ते पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसत आणि कोणाशी बोलत नसत.

मी इंटरला व्होकेशनल घेतलं होतं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात दहावीनंतरच्या दोन वर्षांना इंटर म्हणत. ज्यांना डॉक्टर-इंजिनियर व्हायचं नसे, म्हणजे ज्यांचे मार्क तसं होऊ देत नसत, त्यांच्यासाठी त्यात ऑफिस असिस्टंटचा कोर्स होता. टायपिंग शिकायचं, फाइल लावायला शिकायचं आणि शेवटी काही आठवडे एखाद्या खऱ्या कचेरीत जाऊन बसायचं. आमच्या लेक्चरर मॅडमनी वर्गात सांगितलं की जाताना डीसेंट कपडे घाला, कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. बाकीच्या मुली ते ऐकून विसरल्या. मी घरी सांगून बसले.

बाबांचा घास हातातच राहिला. "डीसेंट म्हंजे कसे?"

"म्हणजे नीट. चांगले."

"चांगले तं लग्नातबी रायते. लग्नातल्या कपड्यावर कोनी खुर्ची देते का?"

आईकडे उत्तर तयार होतं. ती ट्रंक उघडून आपली पांढरी साडी घेऊन आली, निळ्या काठांची. आमच्या बौद्ध घरांत विहारात जाताना, जयंतीला, कोणत्याही चांगल्या कामाला पांढरंच नेसतात. ही साडी आईनं इतकी जपली होती की तिची घडीही घडीवरच पडायची. "याच्यापरीस चांगलं काय असते?" ती म्हणाली.

बाबांनी खुंटीवर टांगलेल्या आपल्या युनिफॉर्मकडे बोट केलं. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, दोन्ही सरकारचे. "हापिसात पांढरं दिसलं का मानसाले तहान लागते," ते म्हणाले.

साडी ट्रंकेत परत गेली. आई दोन दिवस रागात होती.

मला स्वतःला पोपटी रंगाचा पंजाबी ड्रेस पाहिजे होता. वर्गातल्या एका मुलीकडे तसा होता आणि तो घातला की ती चालताना जरा जास्तच चालायची. बाबांनी तो एका वाक्यात निकालात काढला. "त्याच्यात तू पोरगी दिसशीन. पोरगी दिसली का मोठा मानूस पैले पानीच सांगते." तेलुगू मुली लंगा-ओणी, म्हणजे परकर आणि वर ओढणी, घालत, तीही त्याच कारणानं बाद. राहिली साडी. मी सतरा वर्षांची होते आणि साडीत मला उशीला अभ्रा घातल्यासारखं वाटायचं. मी तसं म्हणाले आणि वर हेही म्हणाले की एवढं काय त्या पाण्याचं, एखाद्या वेळी दिलं तर काय हात झडतात.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. एखाद्याला रस्ता सांगावा तसं ते म्हणाले, "तुया आज्याच्या हातचं पानी गावात कोनी पेत नव्हतं. माया हातचं पेल्याबिगर हापिस चालू होत नाई. आता मधातलं कायतरी पायजे."

आजोबा आमच्याच जिल्ह्यातल्या मुधोळकडच्या एका गावात दुसऱ्यांच्या शेतात राबत. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या दिवसानंतर मी साडीबद्दल तक्रार केली नाही, निदान मोठ्यानं तरी नाही.

कापडाच्या दुकानात बाबा आले ते युनिफॉर्म बदलून. मारवाडी दुकानदारानं विचारलं, "शादी का दिखाऊँ?" बाबा म्हणाले, "नहीं. बैठ के काम करने का दिखाओ."

दुकानदारानं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाईक पाहिलं असेल, पण ही मागणी त्याला नवी होती. त्यानं निळी काढली. बाबा म्हणाले, अशी झाडूवाल्या बायकांची असते. त्यानं हिरवी काढली. ती शेतातली. गुलाबी काढली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येक रंग आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या उभ्यानं काम करणाऱ्या बाईचा निघत होता. शेवटी उरली एक चॉकलेटी. तिच्यावर बारीक काळपट ठिपके होते. गुळाच्या भेलीवर मुंग्या याव्यात तशी ती दिसत होती.

"इसमें बिटिया को खड़ी करके देखिए," दुकानदार म्हणाला.

"खड़ी करके क्या देखना? बिठा के देखो," बाबा म्हणाले. त्यांनी गल्ल्यामागची खुर्ची मागून घेतली. दुकानदार उठला. मी त्या खुर्चीत बसले, ते चॉकलेटी कापड खांद्यावर टाकून, आणि बाबा लांबून, जवळून, दारातून असे पाहून आले. इतर गिऱ्हाइकांनीही पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. बाबा म्हणाले, "हं. हे जमते."

नंतर त्यांनी स्वतःचं घड्याळ दिलं. त्यांच्या लग्नातलं होतं. कचेरीत ते कधी घालत नसत. घड्याळ घातलं की साहेब टाइम विचारतो, आणि सांगितला की म्हणतो, तुझ्याजवळ लय टाइम आहे, असा त्यांचा अनुभव. माझ्या मनगटावर ते बांगडीसारखं फिरायचं. आईनं सुई तापवून पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं, तेव्हा कुठे ते थांबलं. आईचा रागही तेव्हाच गेला.

कपडे झाले, तरी बाबांचं समाधान होईना. त्यांच्या मते कपडे माणसाला अर्ध्यापर्यंतच नेतात, पुढचं माणसानं स्वतः बसायचं असतं. म्हणून सराव सुरू झाला. मी साडी नेसून घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसायचं, समोर काहीतरी लिहीत राहायचं, आणि बाबा कुठूनही अचानक ओरडत, "पानी!" मी उठले की नापास.

मी सारखी नापास होत होते. डोक्याला समजायचं, पायांना समजायचं नाही. लहानपणापासून "पाणी" ऐकलं की माठाकडे जायचं एवढंच त्या पायांना माहीत होतं. बाबा प्रत्येक वेळी म्हणत, "बस." रागानं नाही. हलकंच, गुरं बिचकली की म्हणतात तसं. "बस." मी पुन्हा बसायची.

यात घरातलं पाणी बंद झालं. माझे मामा इंद्रवेल्लीहून बसनं आले, घामाघूम, आणि सवयीनं म्हणाले, "बाई, पानी आन वं." मी खुर्चीवर होते. मी लिहीत राहिले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मामांना वाटलं, आपल्याबद्दल कोणीतरी काहीतरी सांगितलंय आणि त्यातून भांडण झालंय.

"काय झालं वं इले?" त्यांनी आईला विचारलं.

"हापिसर झाली," आई म्हणाली आणि तिनंच तांब्या आणून आपटला.

मग कॉलेजात यादी वाचून दाखवली, कोण कुठल्या कचेरीत जाणार ती. मला मिळाली ती बाबांचीच कचेरी.

आईला बरं वाटलं, दोघांना एकच डबा देता येईल म्हणून. बाबा बाहेर गेले आणि सायकलच्या चाकात हवा भरू लागले. हवा होतीच. आत आले तेव्हा म्हणाले, "हापिसात मी तुया बाप नाई."

"काऊन?"

"अटेंडरची पोरगी म्हनलं का झालं. मी इकडे तिकडे गेलो का म्हनतीन, बाई, तुया बाबा नाई दिसून राह्यला, तूच आन."

यावर चॉकलेटी रंगाचाही इलाज नव्हता.

पहिल्या दिवशी बाबा रोजच्यासारखे लवकर गेले, कुलूप उघडायला. मी मागून एकटी गेले. निऱ्यांना पिना, पदराला पिन, मनगटावर घड्याळ, हातात पेन. बाबा व्हरांड्यात स्टुलावर बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि नजर नोटीस बोर्डाकडे वळवली. मीही त्यांच्यासमोरून गेले. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तरी आपण थांबून दोन शब्द बोलतो. इथे तर ते बाबा होते.

सुपरिंटेंडंट साहेब तेलुगू होते, बाबांपेक्षा वयानं लहान, बोलायला सभ्य. त्यांनी माझा कागद पाहिला, मला पाहिलं आणि टायपिस्ट बाईंच्या शेजारची खुर्ची दाखवून म्हणाले, "कूर्चोंडि." म्हणजे, बसा. मला. मी बसले. दुकानात बसले होते तशीच, पाठ ताठ. खोलीतल्या कोणीही मला पाणी मागितलं नाही. टायपिस्ट बाईंनी माझी साडी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि चांगली आहे म्हणाल्या. चॉकलेटीला चांगली म्हणणारी ती पहिली आणि शेवटची बाई.

साहेबांना वाटलं असावं, पोर उन्हातून आलीय. त्यांनी घंटी दाबली. बाबा आत आले.

"अम्मायिकि मंचिनीळ्ळु तीसुकुरा," साहेब म्हणाले. पोरीला पाणी आण.

ही गोष्ट आमच्या सरावात नव्हती. मी पाणी द्यायला उठू नये याची सगळी तयारी झाली होती. मला पाणी येईल, आणि ते कोण घेऊन येईल, हे बाबांच्याही डोक्यात आलं नव्हतं. कपडे इतके जमून जातील असं त्यांना वाटलं नसावं.

ते स्टीलच्या ताटलीत ग्लास ठेवून आले. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट. माझ्यासमोर येऊन थोडे वाकले, ते सगळ्यांसमोर वाकत तेवढेच. आणि माझे पाय उठले. मी अर्धी उभी राहिले होते, खुर्ची मागे सरकली होती, तोंडात "बाबा" आलं होतं.

"बस," बाबा म्हणाले. ओठ न हलवता. घरी म्हणायचे त्याच आवाजात.

मी बसले. ग्लास घेतला. पाणी गार होतं, माठ त्यांनीच सकाळी भरला होता. मी ते सगळं प्यायले, कारण अर्धा ग्लास परत दिला तर त्यांना वाट बघत उभं राहावं लागलं असतं. मला रडू येत होतं आणि साहेबांचा रागही येत होता, ज्यांनी माझ्याशी फक्त चांगुलपणा केला होता. बाबांनी रिकामा ग्लास ताटलीत घेतला आणि ते गेले. टायपिस्ट बाईंनी मला कार्बन कागद कसा लावायचा ते दाखवलं.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा बाबा अजून आले नव्हते. कुलूप लावणंही त्यांच्याकडेच. मामा आले होते, माझा पहिला दिवस कसा गेला ते ऐकायला. मी म्हणाले, बाबा येऊ द्या, आणि खुर्चीवर बसले. मग सायकल वाजली. बाबा आत आले आणि पाय मिठाच्या पाण्यात सोडायच्या आधीच बोलू लागले.

"इचारा काय झालं. सायबानं मलेच सांगतलं, इले पानी दे म्हून. मी घेऊन गेलो. आता तुमाले वाटन का उठली असन." त्यांनी मामांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "जागची हालली नाई. बसल्या बसल्या घेतलं. पुरा गिलास."

"खरं म्हनता?" मामा म्हणाले.

"मी सोता देला नं. जागची हालली नाई."

त्यांनी ते तिसऱ्यांदाही सांगितलं, शेजारच्या काकू दारात आल्या तेव्हा. दर वेळी मी थोडी आणखी ताठ बसलेली असायची. माझ्याकडे मात्र ते पाहत नव्हते. मी साडी अजून सोडली नव्हती. मी खुर्चीवरून उठले, आत गेले, माठातून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी तांब्याकडे पाहिलं. या वेळी ते "बस" म्हणाले नाहीत.