नारळ फोडायचा मान

लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड लागते. काहीही बिघडलं की दोष फिरणाऱ्या भागातच असणार, असं तो धरून चालतो. मी सोलापुरात तीस वर्षं यंत्रमागांचे गिअर आणि शाफ्ट कातले. जे फिरत नाही त्याच्याकडं कधी नीट बघितलं नाही, आणि त्याची किंमत माझ्या दाजींनी मोजली.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. करमाळ्याच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यांचं घर. मासेमारी करणारं घराणं, त्यामुळं पाण्यावर त्यांचा जीव. चार वर्षांपूर्वी त्यांनी कोकणातून एक जुनी फायबरची बोट आणली. सहा माणसांची, तळाला इंग्रजी व्हीसारखी टोकदार, मागं टांगलेलं इंजिन. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना ते त्यातून फिरवायचे. आल्या वर्षी ती अशी पळायची की मी बसल्या जागी टोपी हातानं दाबून धरली होती.

यंदा तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, बुडत्याला काढायला काठावर एक बोट बारमाही ठेवायची आहे. अट एकच, सहा माणसं घेऊन आठ मिनिटांत पैलतीर गाठायचा. काम मिळालं तर दाजींना वर्षभर पाण्यावरच राहता येणार होतं. नाही मिळालं तर पुण्यात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून जायचं ठरलेलं. पंचावन्न वर्षांच्या माणसानं गळ्यात शिट्टी अडकवून बसायचं. बहिणीनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "तुझ्या हातात हाय बघ सगळं."

कारण बोट आता पळत नव्हती.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, दरसाली जडच हुत चालली की. पयल्यासारखी उटतच न्हाय."

उठणं म्हणजे काय ते सांगतो. अशी बोट जोरात आली की पाण्यातून वर चढते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते. तिथं वेग असतो. चढली नाही तर ती नाक वर करून, शेपूट बुडवून पाणी नांगरत बसते. आमची नांगरत होती.

मी दर रविवारी सकाळच्या गाडीनं जायचो. इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा काढून सोलापुरात आणला, पात्यांच्या कडा पातळ केल्या, त्यांचा पीळ थोडा वाढवला. इंजिन गुरगुरलं, बोट होती तशीच. मग पीळ कमी केला. इंजिन पळालं, बोट नाही. मग लोखंडी पट्टी करून इंजिनच दोन बोटं वर टांगलं, तर वळणावर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसती हवा खायला लागला. परत खाली आणलं. टांगायच्या खिळीचं एकेक भोक बदलून त्याचा तिरपेपणा पाहिला. तळाचं शेवाळ खरवडलं. दाजींनी पेट्रोलचा जादा डबा, नांगर, बसायच्या गाद्या, सगळं काठावर उतरवून ठेवलं. मी मोबाईलवर वेग बघत बसायचो आणि प्रत्येक रविवारी एखादा आकडा वाढला की शहाण्यासारखं म्हणायचो, "बघा, आलं की नाही?" दाजी मान डोलवायचे. त्यांना वाटायचं, पाव्हणा शिकलेला आहे, त्याला कळत असणार.

चाचणीच्या दिवशी सहा माणसं बसली. साहेब काठावर घड्याळ धरून उभे. दाजींनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि निघाले. अकरा मिनिटं लागली. साहेब भले माणूस होते, त्यांनी आणखी एकदा जाऊ दिलं. पुन्हा अकराच. दाजी बोटीतून उतरले ते गुडघाभर पाण्यातच उभे राहिले. "यंत्रानं दगा दिला," असं मी म्हणालो. खरं तर मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी यंत्राला शिव्या घालतो.

काम पलीकडच्या गावातल्या एका बोटीला गेलं. दाजींनी मावळातल्या एका रिसॉर्टवाल्याला बोट विकायचा शब्द दिला आणि येतो म्हणून पुण्याला कळवून टाकलं.

बोट धुवायला म्हणून ट्रॅक्टरनं काठावर ओढली. चढावर तिचं नाक वर झालं आणि मला आत डुचमळल्याचा आवाज आला. बोट तर वरून कोरडी होती. मी मागच्या बाजूला अगदी तळाशी ड्रिलनं एक भोक पाडलं. काळं, कुजकट पाणी धार लावून आलं. सकाळी सुरू झालेली धार दुपारची जेवणं झाली तरी थांबली नव्हती. तळफळीखाली, म्हणजे पाय ठेवायच्या आतल्या फळीखाली, बंद पोकळी होती, ती भरलेली. म्हणजे इतके दिवस आम्ही सहा माणसांबरोबर तेवढ्याच वजनाचं पाणी वाहत होतो.

दाजींनी विचारलं, "आत गेलं कुटनं?"

"पावसाचं असंल," मी म्हणालो.

ते खोटं होतं. तळफळीवर, दोर बांधायच्या पुढच्या कडीपाशी केसाएवढ्या चिरा मला दिसल्या होत्या, आणि त्या कुणी पाडल्या तेही मला माहीत होतं. खंडेनवमीला दाजी बोटीची पूजा करायचे. नारळ फोडायचा मान बायकोच्या भावाचा, म्हणजे माझा. काठावर सगळी काळी माती, औषधालाही दगड नाही. चिखलात नारळ फुटतो कुठं? मग मी तो बोटीतच, तळफळीवर आपटायचो. हात कामगाराचा. चार वर्षं, चार नारळ, एकाच जागी. टाळ्या वाजायच्या. त्या चिरांतून लाटेचं, पावसाचं, धुतल्याचं पाणी दिवसरात्र खाली जात राहिलं आणि मी पंख्याचा पीळ मोजत बसलो.

दाजी साहेबांकडं एकदा जाऊन आले. पण काम दुसऱ्या बोटीच्या नावे लेखी होऊन गेलं होतं.

रिसॉर्टवाला आला त्या दिवशी मी भोक बुजवून बोट पाण्यात सोडली. सहा माणसं बसली. दाजींनी इंजिनाची मूठ पिळली आणि बोट उठली. नाक खाली, मागं पांढरी रेघ. सात मिनिटांत पैलतीर. परत येताना मी दाजींच्या तोंडाकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघायला लागलो. ते हसत होते. उतरेपर्यंत ते हसू गेलं होतं.

ट्रकवर चढवायच्या आधी रिसॉर्टवाल्यानं नारळ दाजींच्या हातात दिला. दाजींनी तो माझ्याकडं केला. "मान पाव्हण्यांचा."

नारळ हातात घेऊन मी बोटीपाशी गेलो. आणि मला हात उचलवेना. मी तसाच मागं फिरलो, काठ चढलो, शेत ओलांडलं, डांबरी रस्त्यावरच्या मोरीच्या कट्ट्यावर तो फोडला आणि दोन वाट्या घेऊन परत आलो. जाऊन यायला पाव तास लागला असेल. सगळे ताटकळत उभे होते.

"येवढ्या लांब कशाला गेला?" दाजी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातल्या वाट्यांकडं बघितलं, मग बोटीकडं. वाकून कडीपाशी अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा, सावकाश. मला वाटलं आता शिवी देतील. द्यायला पाहिजे होती.

त्यांनी वाट्या घेतल्या, खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. ड्रायव्हरला दिला, रिसॉर्टवाल्याला दिला, मलाही दिला.

"औंदा खंडेनवमीला येऊ नका पाव्हणं," ते म्हणाले. "मी पुण्यात आसणार."

ट्रक निघाला. खोबऱ्याचा तो तुकडा सोलापूर येईपर्यंत माझ्या मुठीतच होता.